कळतंय पण वळत नाही : आपल्या भागातल्या दारूचा आणि दारू सोडवण्याचा इतिहास

पोस्ट लांबलचक आहे, सवडीने वाचा.

ग्रामसभेत दारूचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. महिला मंडळ म्हणतं, दुकान बंद करा, बाटली आडवी करा. पुरुषांतले काही म्हणतात, पिऊन दिसेल त्याला दंड लावा, पुन्हा दिसला तर पोलिसांत द्या. आपली कुंभिवली असो, खोपोलीच्या आसपासची गावं असोत की कर्जतकडची एखादी वाडी, ठरावाची भाषा तीच. पण जो माणूस पितो त्याच्याशी बोलायचं कोणी आणि बोलायचं काय, हे ठरावात कधी येत नाही. बोलणं म्हणजे झापणं नाहीतर शपथ घालणं, हे आपण धरूनच चाललोय.

हे असं का झालं, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि बोलण्याची दुसरी एक रीत आहे, तिलाही आता चाळीस वर्षं होऊन गेली. ती आपल्या शेजारच्या गोव्यात सरकारी दवाखान्यांत वापरून, मोजून पाहिलेली आहे. म्हणून हा हिशेब मांडतोय.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. एकोणिसाव्या शतकात कर्जतचा हा पट्टा ठाणे जिल्ह्यात धरला जायचा. इथल्या कातकरी, ठाकर वाड्यांवर मोहाची दारू घरची असायची. मोहाची फुलं वेचायची, वाळवायची, भिजत घालायची, मडकी रचून उतरवायची. लग्नाला, देवकार्याला, मयताच्या दिवसाला ती लागायची. ती फार निरागस होती असं मी म्हणत नाही. पिऊन भांडणारे तेव्हाही असणार. पण तिच्यावर मालकी वाडीची होती.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि ही मालकी गेली. घरी दारू गाळणं गुन्हा झाला. मक्तेदाराने ठरवलेल्या दुकानातून, सरकारचा कर भरलेली, मोठ्या भट्टीत गाळलेली दारूच विकत घ्यायची. उरणला अशा मोठ्या भट्ट्या होत्या आणि त्यांचा माल मुंबईला जायचा. म्हणजे मोहाचं फूल आपल्या रानातलं, पण त्याची दारू प्यायची तर पैसे मोजायचे. पैसे नसले की उधारी, उधारी फिटली नाही की मजुरी गहाण. पुढे १८९२ मध्ये तर खास ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा केला गेला आणि मोहाची फुलं साठवण्यावर, विकण्यावरच बंधनं आली. घरात सुकत घातलेली फुलं हा पुरावा झाला. रानात राहणाऱ्या माणसाने झाडाखाली पडलेलं फूल उचललं की तो गुन्हेगार.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या कायद्याला कोणाची दारू सोडवायची नव्हती. त्याला महसूल हवा होता. पण पिणाऱ्याशी सरकारचं नातं काय, हे तेव्हा ठरून गेलं. पिणारा म्हणजे एकतर गिऱ्हाईक नाहीतर आरोपी.

स्वातंत्र्याच्या चळवळीने हे उलटवायचा प्रयत्न केला. १९३० मध्ये दारूच्या दुकानांवर निदर्शनं झाली, बायका दुकानांसमोर उभ्या राहिल्या. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात बंदी झाली. हेतू चांगला होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण बंदीसोबत काय आलं ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ओढ्याच्या कडेला हातभट्टी आली. काळा गूळ, नवसागर, रबरी ट्यूबमधून रातोरात माल. धाड पडली की दोन दिवस बंद, तिसऱ्या दिवशी चालू. मोहाच्या फुलाची जागा नवसागराने घेतली.

साठच्या दशकात बंदी सैल झाली. परवाने आले, मग देशी दारूची दुकानं आली. गंमत बघा, तो १९४९ चा कायदा अजून लागू आहे आणि कायद्याने आजही महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. तुमच्या ओळखीत किती जणांकडे तो आहे, ते तुम्हीच मोजा. आणि त्याच दारूतून राज्याच्या तिजोरीत दरवर्षी हजारो कोटी रुपये येतात.

मग महिलांचं मतदान आलं. गावातल्या २५ टक्के महिलांनी मागणी केली की मतदान घ्यायचं, उभी बाटली की आडवी बाटली, आणि निम्म्याहून जास्त महिलांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. हे महाराष्ट्रातल्या बायकांनी लढून मिळवलंय, आणि माझं मत विचाराल तर ते टिकलंच पाहिजे. दुकान लांब गेलं की नव्याने पिणारी पोरं कमी होतात, पगाराच्या दिवशी थोडे तरी पैसे घरी येतात. पण जो पंधरा वर्षं पितोय तो कुठे जातो? १ एप्रिल २०१७ ला आपण ते डोळ्यांनी बघितलं. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद झाली. लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटर होतं. जुना मुंबई-पुणे रस्ता एका रात्रीत कोरडा झाला. पुढे पालिका हद्दीतल्या दुकानांना सूट मिळाली. मधल्या काळात ज्याला हवी होती त्याने शोधलीच, रिक्षाचं भाडं तेवढं वाढलं.

कायद्याचा रस्ता हा असा. दुसरा रस्ता धर्माचा आणि कीर्तनाचा.

गाडगेबाबांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचे वडील दारूपायी गेले, हेही बऱ्याच जणांना माहीत असेल. बाबांचं कीर्तन ऐकलेली माणसं सांगायची की बाबा व्याख्यान देत नसत, प्रश्न विचारत. समोरच्या माणसांना बोलतं करत, आणि उत्तर त्यांच्याच तोंडून बाहेर काढत. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपल्या भागात माळ घालण्याची परंपरा आहे. वारीला जायला लागला, गळ्यात तुळशीची माळ आली, की मटण-दारू सुटली. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ पासून श्रीबैठका सुरू केल्या. त्या बैठकांमुळे रायगडात कितीतरी घरांतली बाटली बाहेर गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. यात नुसती श्रद्धा नसते. आठवड्याला ठरलेल्या वारी बसायचं, ओळखीची माणसं, नवा गोतावळा, संध्याकाळच्या त्या दोन तासांना दुसरं काम. दारू सोडलेल्या माणसाला नेमकं हेच लागतं.

पण माळ घालायला कोण येतो? ज्याचं मन आधीच अर्धं वळलंय तो येतो. ज्याचं वळलेलं नाही त्याला बायको, भाऊ, सासरा धरून आणतात. तो माळ घालतो, आणि शिमग्याला काढून खुंटीला लावतो. मग काय होतं, तर दारूच्या जोडीला लाज येते. देवाची शपथ मोडली, आता कोणत्या तोंडाने जायचं? लाज विसरायला पुन्हा तीच. आपल्या प्रत्येक आळीत असा एखादा माणूस आहे, नाव घ्यायची गरज नाही.

तिसरा रस्ता उपचारांचा. अमेरिकेत १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झालं, पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांसाठी चालवलेलं. 'एए'च्या सभा पुढे आपल्याकडेही आल्या आणि आज मुंबई-पुण्यात मराठीतही भरतात, फुकट. पण त्याच अमेरिकेत १९५८ पासून दुसरी एक पद्धत फोफावली. माणसाला मध्ये बसवायचं, चारी बाजूंनी शिव्या घालायच्या, तू खोटारडा आहेस हे त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं. 'सिनॅनॉन' नावाच्या संस्थेत हे सुरू झालं आणि मग बऱ्याच केंद्रांनी कमीजास्त प्रमाणात उचललं. त्यामागचा समज असा, की दारुड्या नाकबूल करतोच, ते नाकबूल करणं फोडल्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत. आपल्याकडेही काही ठिकाणी व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसांना कोंडण्याचे, मारण्याचे प्रकार होतात. त्याची वैचारिक चुलतभावकी इथली आहे.

महाराष्ट्राचं नशीब, की आपल्याकडे त्याच्या अगदी उलट उदाहरण उभं राहिलं. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, मुंबई-पुण्याच्या तरुण पोरांत पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हलले, देणगी दिली, आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू झालं. चालवलं ते डॉ. अनिता अवचट यांनी. त्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर, पण पेशंटची पोरं त्यांना आईसारखी मानायची. आधी पेशंट असलेलेच पुढे मुक्तांगणचे कार्यकर्ते झाले. पुन्हा घसरला म्हणून कोणाला दारातून हाकललं नाही. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, मुक्तांगण आजही सुरू आहे.

आता त्या बोलण्याच्या रीतीकडे येतो.

विल्यम मिलर नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात तो दारू जास्त पिणाऱ्यांवर उपचारांचे प्रयोग करत होता. एका प्रयोगात त्याने काही जणांना समुपदेशकांकडे पाठवलं आणि काही जणांना नुसतं एक माहितीचं पुस्तक देऊन घरी पाठवलं. सरासरी निकाल जवळपास सारखा आला. पण त्याने पुढे जाऊन नऊ समुपदेशकांचे पेशंट वेगवेगळे करून पाहिले. जो समुपदेशक समोरच्याचं मन लावून ऐकत होता, त्याचे पेशंट सहा महिन्यांनी सगळ्यात चांगले. आणि जो ऐकत नव्हता, त्याचे पेशंट नुसतं पुस्तक नेणाऱ्यांपेक्षाही मागे! म्हणजे वाईट बोलणाऱ्याकडे नेण्यापेक्षा माणसाला घरी ठेवलेला बरा. हे १९८० मध्ये छापून आलं.

१९८२ मध्ये मिलर नॉर्वेत बर्गेन शहराजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात काही महिने राहायला गेला. तिथली तरुण मानसशास्त्रज्ञ मंडळी त्याच्याभोवती जमायची. ते पेशंटची नक्कल करायचे आणि मिलर त्यांच्याशी बोलून दाखवायचा. पण ती पोरं चौकस होती. मध्येच थांबवायची. आत्ता हाच प्रश्न का विचारलास? तो एवढं बोलला, त्यातलं हेच वाक्य का उचललंस? मिलरला उत्तर देता देता कळायला लागलं, की आपण काही नियमाने वागतोय, फक्त ते नियम आपण कधी कागदावर उतरवलेले नाहीत. त्याने ते लिहून काढले आणि १९८३ मध्ये एक लेख छापला. त्यातून जे नाव रूढ झालं ते 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग'. पुढे स्टीफन रोलनिक त्याला येऊन मिळाला आणि १९९१ मध्ये दोघांचं पुस्तक आलं.

या नावाने आपल्याकडे घोटाळा होतो. 'मोटिव्हेशनल' म्हटलं की स्टेजवर माईक घेऊन फिरणारा वक्ता आठवतो. इथे नेमकं उलटं आहे. इथे बोलायचं पेशंटने, आणि प्रेरणा बाहेरून ओतायची नसते. मिलरचं म्हणणं साधं आहे. पिणाऱ्या माणसाच्या मनात दोन वकील असतात. एक म्हणतो सोड, दुसरा म्हणतो राहू दे. तुम्ही बाहेरून 'सोड'ची वकिली केलीत की त्याच्याकडे एकच बाजू उरते, 'राहू दे'ची. मग तो ती जोरात मांडतो, आणि मांडता मांडता स्वतःलाच पटवून बसतो. आपण त्याला नाकबूल करणारा म्हणतो, पण ते नाकबूल करणं निम्मं आपणच तयार केलेलं असतं. १९९३ मध्ये मिलरच्या गटाने हे मोजलं. ४२ पिणाऱ्यांचा तो अभ्यास होता. समुपदेशकाने जितकं अंगावर जाऊन बोललं, तितकी त्या पेशंटची दारू वर्षानंतर जास्त होती.

योगायोग असा की त्याच १९८३ मध्ये दुसरं एक काम छापून आलं. जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे या दोघांनी सिगारेट सोडणाऱ्या ८७२ माणसांना विचारलं, तुम्ही बदलता कसे? प्रोचास्काचे वडीलही दारूचे बळी. गाडगेबाबांची आठवण येते ती इथे. त्यांना दिसलं की माणूस एका दिवसात बदलत नाही, तो काही पायऱ्यांवरून जातो. त्या पायऱ्या मी पुस्तकी नावांनी सांगत नाही, कारण आपल्या भाषेत त्या आधीपासून आहेत. पहिली, "मला कुठं काय झालंय?" दुसरी, "कळतंय पण वळत नाही." तिसरी, "या गणपतीनंतर बघतोच." चौथी, प्रत्यक्ष सोडली. पाचवी, सुटलेली टिकवायची. आणि बहुतेकांच्या बाबतीत मध्येच कुठेतरी घसरणं आणि पुन्हा फेरा.

आपला सगळा घोळ दुसऱ्या पायरीवर आहे. या पायरीवरचा माणूस महिने, वर्षं बसून राहतो. त्याला यकृताचं चित्र दाखवून काही होत नाही, ते त्याला कळलेलंच आहे. आणि आपले ठराव, शपथा, केंद्रात टाकणं हे सगळं चौथ्या पायरीवरच्या माणसासाठी आहे. दुसरीवरच्याला चौथीवर ढकलला की तो पडतो, आणि आपण म्हणतो, याचं काही होणार नाही.

हेही सांगायला हवं की या पायऱ्यांवर शास्त्रज्ञांनी सडकून टीका केली आहे. इंग्लंडच्या रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये लिहिलं की ही मांडणी आता बाजूला ठेवावी, माणसं काही अशी ओळीने चढत नाहीत. कोणी एका सकाळी उठून सोडतो आणि परत शिवत नाही. मला ही टीका पटते. पायऱ्या म्हणजे वेळापत्रक नव्हे. पण समोरचा माणूस आत्ता कुठे उभा आहे हे बोलण्याआधी बघावं, एवढ्यापुरत्या त्या उपयोगाच्या आहेत.

हे बोलणं प्रत्यक्षात कसं दिसतं? समजा, आशाताई घरी आल्यात.

"दादा, किती पिता हो? पोरांचा तरी विचार करा."

"मी काय रोज पितो का? आणि माझ्या पैशाची पितो."

संपलं. आता तेच दुसऱ्या रीतीने.

"दादा, संध्याकाळी घेतल्यावर बरं काय वाटतं?"

"अंग मोकळं होतं. दिवसभर भट्टीवर वाकून काम. झोप तरी लागते."

"अंग दुखतं म्हणून सुरू झालं. आणि न आवडण्यासारखं काही आहे त्यात?"

"पोरगी बोलत नाय. मी आलो की आत जाते."

"ते लागतं तुम्हाला."

"लागणारच ना. आधी वेशीपर्यंत धावत यायची."

आशाताईंनी एकही उपदेश केलेला नाही. 'सोड'ची बाजू दादाच मांडतोय. मग त्या विचारतात, "शून्य ते दहामध्ये, कमी करावीशी किती वाटते?" तो म्हणतो चार. आपण इथे काय विचारू? "चारच का, आठ का नाही?" आणि तो पिण्याची चार कारणं देईल. शिकलेला माणूस विचारतो, "चार म्हणालात, मग दोन का नाही?" आता तो सोडण्याची कारणं देतो. पुढची पायरी तो सुचवेल तीच, मग ती फक्त "आठवड्यातले दोन दिवस नाही" एवढी का असेना. न विचारता सल्ला द्यायचा नाही, द्यायचाच झाला तर आधी परवानगी घ्यायची. बघायला सोपं वाटतं, पण करताना जीभ चावावी लागते. गाडगेबाबांचे प्रश्न हजारांच्या गर्दीला असायचे आणि उत्तर कुठे न्यायचं हे बाबांना ठाऊक असायचं, हा फरक आहे. पण उत्तर समोरच्याच्या तोंडून यावं, ही जात एकच.

याने फरक पडतो का? अमेरिकेत १७२६ पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, १९९७ मध्ये निकाल आला. बारा बैठकांचे दोन वेगळे उपचार आणि या रीतीच्या फक्त चार बैठका, असे तीन गट होते. निकाल जवळपास बरोबरीचा आला. चार बैठकांत बारांचं काम झालं. जिथे मानसोपचार डॉक्टर गाठायला पनवेल-मुंबई करावी लागते तिथे या आकड्याची किंमत काय, ते वेगळं सांगायला नको.

पण अमेरिकेचं सोडा, गोव्याचं बघू. तिथे 'संगाथ' नावाची संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत आपल्याकडच्या माणसांसाठी बसवली. समुपदेशक कोण? तर साधी स्थानिक माणसं, मानसशास्त्राची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली. जागा कोणती? तर १० प्राथमिक आरोग्य केंद्रं. खोकला-तापाला आलेल्या पुरुषांना पिण्याबद्दल काही ठरलेले प्रश्न विचारले. ज्यांचं पिणं अपायकारक होतं अशा ३७७ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत जास्तीत जास्त चार बैठका, पाऊण तासाच्या आतल्या, दवाखान्यात नाहीतर घरी. पहिल्यांदा त्याचंच पिणं त्याच्यापुढे मांडायचं आणि त्याला बोलू द्यायचं. मग मित्राने ग्लास पुढे केला तर नाही कसं म्हणायचं, डोकं भडकल्यावर काय करायचं, असली कामाची कौशल्यं. शेवटी घसरण कशी ओळखायची ते.

तीन महिन्यांनी बघितलं तर बैठका मिळालेल्यांत ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. मागच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८. वर्षानंतरही फरक टिकला होता, धोक्याखाली आलेले ५४ टक्के विरुद्ध ३२ टक्के. तीन महिन्यांचे निकाल २०१७ मध्ये लॅन्सेटसारख्या जगन्मान्य नियतकालिकात आले.

आता त्यातली दुसरी बाजू, ती झाकून ठेवणं बरोबर नाही. तीन महिन्यांनी बायकोला मारहाण करण्यात काही फरक दिसला नाही. म्हणजे नवरा पिऊन मारतो त्या घरात "त्याची दारू सुटली की मार थांबेल" असं सांगून बाईला थांबवून ठेवू नका. मार हा वेगळा गुन्हा आहे, त्याला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे आणि १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे. दुसरं, हा अभ्यास मधल्या पातळीवर पिणाऱ्यांचा होता. सकाळी उठल्या उठल्या लागते, नाही मिळाली तर हात थरथरतात, अशा माणसाला नुसत्या बोलण्यावर ठेवायचं नाही. त्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. "खोलीत कोंडा, दोन दिवसांत उतरेल" हा सल्ला देणारे आपल्यात आहेत, त्यांनी हे वाचावं. त्याला आधी डॉक्टर लागतो. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून आलेला मानसिक त्रासही येतो. त्या कायद्याने अशा माणसाला साखळीने बांधता येत नाही.

केंद्र सरकारसाठी एम्सने २०१९ मध्ये देशभराचा सर्व्हे मांडला. दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठले का होईना उपचार मिळतात. उरलेले ३७ कुठे आहेत? आपल्या पारावर, वीटभट्टीवर, कंपनीच्या सेकंड शिफ्टला. त्यांच्यापर्यंत आज पोचतं ते दुकान, पोलीस आणि नातेवाइकांची बोलणी.

म्हणून येत्या ग्रामसभेत दंडाच्या ठरावाऐवजी माझी मागणी वेगळी आहे. बाटली आडवी करायचं मतदान जरूर घ्या, मी सोबत आहे. पण दंडाचे पाचशे रुपये शेवटी त्याच्या बायकोच्या मजुरीतून जाणार, हे आपल्याला माहीत आहे. त्याऐवजी ग्रामपंचायतीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्यावं : आपल्या उपकेंद्रातल्या ताई, आशाताई आणि गावातली दोन-तीन माणसं यांना या पद्धतीचं प्रशिक्षण द्या, आणि महिन्यातला एक ठरलेला वार या कामासाठी ठेवा. त्या दोन-तीन जणांत दारू सुटलेला एक जण असावा असं मला वाटतं. ताप-खोकल्याच्या केसपेपरवरच पिण्याचे प्रश्न विचारले जावेत, म्हणजे "हा दारूवाल्यांच्या खोलीत गेला" असं कोणी बोलायला नको. पत्राचा मसुदा मी तयार करतो. वकिली किंवा आरोग्य खात्याची माहिती असलेल्यांनी त्यात भर घालावी.

तोवर दोन नंबर सेव्ह करून ठेवा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल फ्री नंबर. १४४१६ हा टेलिमानस, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही करता येतो, पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही.

आणि कृपा करून कमेंटमध्ये गावातल्या कोणाचं नाव लिहू नका, टॅगही करू नका. ज्याला बोलायचंय त्याने मेसेज करा, नाहीतर संध्याकाळी घरी या.